चवदार तळ्याचे शहर सुधारायचे, पण कुणासाठी?

छोट्या शहराच्या जुन्या बाजारपेठेचा 'कायापालट' करण्याची घोषणा झाली की पुढचे चित्र ठरलेले असते. रस्त्यावर रंगीत पेव्हर ब्लॉक, दोन्ही बाजूंना शोभेचे दिवे, तळ्याभोवती स्टीलचे कठडे, चौकात कारंजे आणि शेजारी शहराच्या नावाची मोठी अक्षरे, म्हणजे येणाऱ्यांनी तिथे उभे राहून फोटो काढावेत! उद्घाटनाच्या फलकावर दहा-बारा नावे असतात. दोन पावसाळे गेले की ब्लॉक उखडतात, दिवे विझतात, कारंजे कोरडे पडते. फलक मात्र शाबूत राहतो. विदर्भापासून कोकणापर्यंत ही कहाणी सारखीच आहे. म्हणून लोकही फारसे बोलत नाहीत. ठेकेदाराचे पोट भरले, पुढाऱ्याचे नाव लागले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून जो तो आपल्या कामाला लागतो.

परंतु ते शहर महाड असेल तर गप्प बसून चालणार नाही. महाडची जुनी पेठ आणि त्या पेठेतले चवदार तळे ही आंबेडकरी समाजाची श्रद्धास्थाने आहेतच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, गावातली 'सार्वजनिक' जागा म्हणजे नेमकी कुणाची जागा, या प्रश्नाचा सोक्षमोक्ष याच पेठेत लागला. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतले. या घटनेला २०२७ साली शंभर वर्षे होतात. शताब्दी म्हटली की निधी आला, निधी आला की आराखडे आले आणि आराखडे आले की सुशोभीकरण आले. तेव्हा महाडच्या जुन्या शहराची सुधारणा कशी करावी, याचा विचार इतरांवर न सोपवता आपण स्वतःच केला पाहिजे.

बंदर, बाजार आणि बंद पाणवठा

महाड हे मुळात व्यापाराचे गाव. बाणकोटच्या खाडीतून गलबते सावित्री नदीने वर यायची आणि माल उतरायचा. तिथून तो वरंध घाटासारख्या वाटांनी देशावर जायचा. ही वाट फार जुनी आहे. महाडच्या वेशीवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून असलेल्या डोंगरात गांधारपालेची बौद्ध लेणी आहेत. कोकणातल्या इतर लेण्यांप्रमाणे इथेही खडकात पाण्याच्या पोढ्या खोदलेल्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी आणि त्यांना दान देणाऱ्या उपासकांनी आधी पाण्याची सोय केली. वाटसरूला त्याची जात विचारून पाणी पाजावे, असे काही त्या धम्मात नव्हते.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या बाजारात पुढे काय झाले? तालुक्याचे ठिकाण म्हणून महाडला कचेरी आली, कोर्ट आले, शाळा आली, नगरपालिका आली. आसपासच्या खेड्यांतली माणसे बाजाराला, कोर्टकचेरीला महाडला येऊ लागली. त्यांत आपलेही लोक होते. गवत-लाकूडफाटा विकायला ते यायचे, तसे सैन्यातून निवृत्त झालेले पेन्शनरही यायचे. या लोकांचा पैसा बाजाराला चालत होता, त्यांचे श्रम बाजाराला चालत होते. परंतु बाजारातले पाणी मात्र त्यांच्यासाठी बंद होते! याच तालुक्यातल्या रावढळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांची १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायचे कसे, असा प्रश्न सवर्ण सभासदांना पडला होता. म्हणजे पेठेतले तळे असो की बोर्डाची खुर्ची असो, 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ 'आम्ही सोडून सगळे' असाच लावला जात होता.

ठराव झाला, पाणी मिळाले नाही

शहर सुधारणेच्या कोणत्याही आराखड्याकडे पाहण्यापूर्वी आपण चवदार तळ्याच्या तारखा समोर ठेवल्या पाहिजेत. त्या तारखा म्हणजे नगर नियोजनाचा सर्वात मोठा धडा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्ट, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केल्याचा ठराव केला. त्यात सुरेंद्रनाथ टिपणीसांचा पुढाकार होता. कागदावर सगळे व्यवस्थित झाले. प्रत्यक्षात? तीन वर्षे उलटली तरी एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी भरता आले नाही. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी जमलेल्या लोकांना प्यायला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! चार-पाच एकरांचे सार्वजनिक तळे हाकेच्या अंतरावर, ते खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव दप्तरात, आणि पाणी मात्र विकत! ठराव आणि अंमलबजावणी यांच्यातले अंतर याहून स्पष्ट दुसरे कोणते उदाहरण दाखवील?

रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खपून उभी केलेली ती परिषद तळ्यापर्यंत चालत गेली आणि जो ठराव नगरपालिकेला अमलात आणता आला नाही, तो लोकांनी आपल्या पायांनी अमलात आणला. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, त्याच महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला! डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरणार होती, तेव्हा तिला सवर्णांपैकी कुणी जागा देईना. शेवटी फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. बाजारातले व्यापारी माल देणार नाहीत, म्हणून धान्यधुन्याची तजवीज बाहेरून करावी लागली. २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याबाबत दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम असल्याने लोकांनी कायद्याचा मान राखला, तळ्याला मिरवणुकीने वेढा घातला आणि लढा कोर्टात नेला. १९३१ साली खालच्या कोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

जानेवारी १९२४ ते मार्च १९३७. एका ठरावाची किंमत वसूल व्हायला तेरा वर्षे लागली.

या खटल्यात आणखी एक गोष्ट आहे. सवर्णांचे म्हणणे होते की तळ्याभोवती घरे आमची, काठावरच्या जागा आमच्या, घाट-पायऱ्या आमच्या, आणि वहिवाटही आमचीच. म्हणून तळे आमचे. हायकोर्टाच्या निकालपत्रात तळ्याचा नकाशाच शब्दांत उभा केलेला आहे: चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि त्यापलीकडे स्पृश्यांची घरे. अशी प्राचीन वहिवाट सिद्ध होत नाही, असे कोर्टाने सांगितले. मध्यभागी सार्वजनिक जागा आणि तिच्याभोवती काही मूठभरांची मालकी, हा नकाशा भारतातल्या प्रत्येक जुन्या पेठेचा आहे. आजचा आराखडा या नकाशाला धक्का लावतो, की त्याच्यावर रंगरंगोटी करतो, हाच खरा प्रश्न आहे.

अस्पृश्यता गेली, तिकीट आले!

संविधानाच्या कलम १५ मधला दुसरा खंड आपण सर्वांनी पाठ केला पाहिजे. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालवलेल्या अथवा जनतेच्या वापरासाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापरावर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणतेही निर्बंध घालता येणार नाहीत, असे तो सांगतो. या यादीत तलाव का आला, हे महाडच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता जातीच्या नावाने तळे बंद करता येत नाही. पण बंद करण्याचे नवे मार्ग निघाले आहेत. अनेक शहरांत तलाव सुशोभित केला जातो, भोवती जाळी लावली जाते, एकच फाटक ठेवले जाते आणि मग देखभालीच्या नावाखाली तो ठेकेदाराला दिला जातो. तिकीट लागते, वेळ ठरते, पहारेकरी बसतो. बोटिंग सुरू होते, खाण्याचे महागडे स्टॉल येतात. तळ्याच्या पायरीवर बसून शिदोरी सोडणाऱ्या बाजारकरूला मग शिट्टी वाजवून उठवले जाते. त्याची जात कुणी विचारत नाही; फक्त त्याचे कपडे बघितले जातात. हा नवा मनुवाद आहे आणि तो निविदेच्या कागदावर सही करून येतो.

म्हणून चवदार तळ्यापुरती पहिली अट अशी की, तळे, त्याचा काठ आणि तिथे जाणारे रस्ते कधीही, कोणत्याही कारणाने ठेक्यावर जाता कामा नयेत. दुसरी अट पाण्याची. तळ्याच्या पाण्याच्या शुद्धतेबद्दल वर्षानुवर्षे चर्चा होत आली आहे. ज्या तळ्यावर पाण्यासाठी संगर झाला, त्याच्या सुधारणेची कसोटी दिव्यांची रोषणाई असू शकत नाही. २० मार्चला येणारा माणूस आजही ओंजळ पुढे करतो. ती ओंजळ त्याने निर्धास्तपणे तोंडाला लावावी, एवढे झाले की सुशोभीकरण झाले! त्यासाठी आजूबाजूचे सांडपाणी तळ्यात येऊ न देणे, काठ सिमेंटने लिंपून न टाकता पावसाच्या पाण्याला वाट ठेवणे आणि पाण्याची तपासणी करून तिचा अहवाल तळ्याच्या काठावर फलकावर लावणे, ही कामे आधी झाली पाहिजेत. ती फोटोत दिसत नाहीत, म्हणूनच ती मागे पडतात.

पूर कुणाच्या घरात शिरतो?

महाडचा विचार सावित्रीला वगळून करता येणार नाही. जुलै २००५ मध्ये तालुक्यातल्या जुई, दासगाव यांसारख्या गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी शहरातली पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे मेली. ती इमारत काही जुनाट वाडा नव्हता. बांधून दहा वर्षेही झाली नव्हती. आणि २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने अर्ध्याअधिक शहराला बुडवले, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली.

या शहराच्या पेठेची सुधारणा करणाऱ्याने हातात रंगाचा डबा घेण्याआधी पुराच्या पाण्याची खूण शोधली पाहिजे. नदीला येणाऱ्या पुराच्या दोन रेषा आखल्या जातात: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. जुन्या पेठेचा कोणता भाग कोणत्या रेषेच्या आत येतो, हे साध्या मराठीत, गल्लीगल्लीच्या नावांनिशी लोकांना सांगितले पाहिजे. नाहीतर होते काय? रस्त्याचे काम निघाले की जुना थर न खरवडता त्यावर नवा थर ओततात. दर खेपेला रस्ता वर येतो आणि घराचे जोते खाली जाते. ज्याच्याकडे पैसा आहे तो दुकान उंच करून घेतो. ज्याच्याकडे नाही, त्याच्या घरात पहिल्या मोठ्या सरीला पाणी शिरते. रस्ता 'सुधारला' आणि गरिबाचे घर बुडाले, असा हा हिशेब आहे.

नदीतला गाळ, पात्रातली बेटे आणि दासगावजवळचा रेल्वेचा भराव यांच्याबद्दल २०२१ नंतर बरीच चर्चा झाली, गाळ काढण्याचे कामही झाले. ते काम दरवर्षीचे आहे, एकदा करून विसरण्याचे नाही. पेठेतले नाले मोकळे असले आणि नदी तुंबलेली असली, तर नाल्यांतून नदीचेच पाणी उलटे गावात येते. तेव्हा पेठेचा आराखडा पेठेच्या हद्दीत संपत नाही, तो नदीपर्यंत न्यावाच लागतो.

इमारतींचेही तसेच. धोकादायक इमारतीची नोटीस भिंतीवर डकवणे सोपे आहे. पण जुन्या घरातल्या भाडेकरूने जायचे कुठे? मालकाला जागा मोकळी हवी असते, बिल्डर वाटच पाहत असतो. पर्यायी निवाऱ्याची आणि परत येण्याच्या हक्काची लेखी हमी नसेल, तर 'जुन्या शहराची सुधारणा' म्हणजे जुन्या शहरातल्या गरिबांची हकालपट्टी ठरते. आणि नवीन इमारत म्हणजे सुरक्षित इमारत, हा भ्रम २०२० ने मोडून काढलाच आहे.

टोपली घेऊन बसणारी बाई कुठे जाईल?

बाजारपेठ सुंदर करायची म्हटली की पहिला घाव फेरीवाल्यांवर पडतो. कोकणातल्या कोणत्याही तालुक्याच्या बाजारात रानभाजी, सुकी मासळी, करवंदे, आंबे घेऊन बसणाऱ्या बाया दिसतात. त्यांत कातकरी आदिवासी आहेत, बौद्ध आहेत, कोळी-भोई आहेत. आराखड्याच्या चित्रात झाडे असतात, बाक असतात, हातात पिशव्या घेतलेली गोरीगोमटी माणसे असतात. ही बाई मात्र त्या चित्रात कुठेच नसते. कारण चित्र काढणाऱ्याच्या लेखी ती अतिक्रमण आहे!

कायदा तसे म्हणत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण झाले पाहिजे. ते पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. शहर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. जिथे पिढ्यान्‌पिढ्या बाजार भरत आला, त्या नैसर्गिक बाजाराचा विचार आराखड्यात करावाच लागतो. किती शहरांत हे प्रामाणिकपणे होते? ज्यांनी १९२७ मध्ये बाजाराचा बहिष्कार सोसला, त्यांच्या वारसांनी आज बाजारातून उठवल्या जाणाऱ्या बाईच्या बाजूने उभे राहायचे नाही, तर कुणी राहायचे?

आणि तिच्यासाठी शौचालय? सकाळी पहिल्या एसटीने निघालेली बाई दुपारपर्यंत पेठेत बसते. स्वच्छ, उजेडाचे, पाणी असलेले आणि फुकट वापरता येणारे शौचालय दहा मिनिटांच्या अंतरात नसेल, तर ती दिवसभर पाणी पीत नाही. पाणवठा बंद करण्याचा हाही एक प्रकार आहे. २० मार्च आणि 'स्त्री मुक्ती दिन' म्हणूनही पाळला जाणारा २५ डिसेंबर या दोन दिवशी देशभरातून आया-बहिणी लेकरे घेऊन महाडला येतात. त्यांच्यासाठी दोन दिवसांचे तंबू ठोकून भागणार नाही. पाण्याचे नळ, शौचालये, बसायला सावली, बाळाला पाजायला जागा हे सर्व कायमचे हवे, म्हणजे उरलेल्या ३६३ दिवशी ते बाजारकरूंच्या उपयोगी पडेल.

गटारात उतरणारा माणूस आराखड्यात आहे का?

२०२१ चा पूर ओसरल्यावर महाडच्या रस्त्यांवर चिखलाचे आणि सडलेल्या मालाचे ढीग होते. ते उपसायला बाहेरच्या महापालिकांची पथके आली. त्या पथकांतली माणसे कोणत्या वस्त्यांतून आली होती, हे वेगळे सांगायला नको. संकट आले की आमचा माणूस पुढे आणि मदतीची यादी आली की आमची वस्ती मागे, हा अनुभव कोकणाला नवा नाही.

हाताने मैला उचलायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला द्यायची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. परंतु माणूस मेल्यावर भरपाई देण्यापेक्षा माणूस गटारात उतरणारच नाही असे गटार बांधणे, हे नियोजनाचे काम आहे. जुन्या पेठेच्या अरुंद गल्ल्यांत यंत्राची गाडी कशी पोहोचेल, झाकणे कुठे आणि किती अंतरावर असतील, सेप्टिक टाक्या कोण आणि कशाने उपसणार, हे आराखड्यात लिहिलेले नसेल, तर तो आराखडा कितीही देखणा असला तरी त्याचा पाया कुणाच्या तरी छातीवर आहे, असे समजावे.

फलकावर काय लिहिणार?

जुन्या शहराचा वारसा जपायचा म्हटले की देवळे, वाडे, कमानी यांची यादी तयार होते. जपा, आमची ना नाही. पण १९२७ चा मार्ग वारशाच्या यादीत आहे का? चवदार तळे आणि क्रांतिस्तंभ या दोन ठिकाणी माणसे नतमस्तक होतात आणि परत जातात. या दोन ठिकाणांमधले शहर मात्र मुके राहते. लोक परिषदेतून तळ्याकडे कोणत्या वाटेने गेले, नगरपालिकेने ठराव कुठे केला, खटला कोणत्या कोर्टात चालला, हे चालता चालता कळेल असे साधे मराठी फलक पेठेत लागले पाहिजेत. त्यावर मोरे, चित्रे, टिपणीस, मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे आणि जमीन देणारे फत्तेखान यांची नावे हवीत. आणि हो, ५ जानेवारी १९२४ चा ठराव जसा लिहायचा, तसा ४ ऑगस्ट १९२७ ला तो रद्द केल्याचेही लिहायचे. नगरपालिका हक्क देते तशी काढूनही घेते, हे पुढच्या पिढीला कळायला हवे.

स्मारकांच्या विकासात लोकांना विचारले नाही तर काय होते, ते नागपूरला दिसले. दीक्षाभूमीवर विकासकामात भूमिगत पार्किंगचे खोदकाम सुरू झाले. स्तूपाला धोका होईल अशी लोकांची तक्रार होती. ती वेळेवर कुणी ऐकली नाही आणि १ जुलै २०२४ रोजी उद्रेक झाला. शेवटी सरकारला काम थांबवावे लागले. खड्डा खणल्यावर विचारण्यापेक्षा नकाशा काढण्यापूर्वी विचारावे, एवढे साधे शहाणपण महाडबाबत तरी दाखवले पाहिजे.

हरकत नोंदवा!

आता आपल्या जबाबदारीबद्दल. आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, घोषणा देतो. आणि नगरपालिकेच्या सूचना फलकावर लागलेला कागद मात्र वाचत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. त्या ३० दिवसांत बिल्डर येतो, जमीनमालक येतो, वकील घेऊन येतो. आपली वस्ती येत नाही. मग आरक्षण आपल्या वस्तीवर पडते आणि रस्ता दुसऱ्याच्या जागेला वळसा घालून आपल्या घरावरून जातो. तेव्हा आपण ओरडतो, पण मुदत संपलेली असते.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश यांच्या प्रती तर मिळतातच. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या सामग्रीचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क मिळतो. किती कार्यकर्ते हा हक्क वापरतात? चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांच्या कामांच्या यादीत अठरा विषय घातले आहेत. त्यात नगर नियोजन आहे तसे दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षणही आहे. राज्यातल्या कित्येक नगरपरिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक बसलेले होते, जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. निवडून आलेल्यांनी मते मागताना बाबासाहेबांचे नाव घेतले असेल, तर आता सभागृहात त्यांनी तळ्याचा, पुराचा, फेरीवाल्यांचा आणि सफाई कामगारांचा प्रश्न घेतला पाहिजे. राखीव जागांवरून गेलेल्यांनी तर घेतलाच पाहिजे.

महाडमध्ये आणि महाडसारख्या प्रत्येक जुन्या शहरात आंबेडकरी कार्यकर्त्यांनी दहा-पंधरा जणांचा एक गट करावा. त्यात एक अभियंता असावा, एक वकील असावा, एक सफाई कामगार असावा आणि बाजारात बसणाऱ्या दोन बाया असाव्यात. आपल्या समाजात शिकलेले अभियंते आज कमी नाहीत. ते मुंबई-पुण्यात, परदेशात मोठमोठ्या इमारतींचे नकाशे करतात. त्यांनी वर्षातले चार रविवार आपल्या तालुक्याच्या पेठेला द्यावेत. नकाशा कसा वाचायचा हे वस्तीला शिकवावे. समाजाचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग कोणता?

१९२४ साली महाडला ठरावाची कमतरता नव्हती. कमतरता होती ती ठरावाच्या मागे उभ्या राहणाऱ्या माणसांची. ती माणसे २० मार्च १९२७ रोजी उभी राहिली आणि तळ्याचे पाणी त्यांच्या ओंजळीत आले. आजच्या आराखड्यांचेही तेच आहे. निधी येईल, नकाशे येतील, भूमिपूजनाचे नारळ फुटतील. ते काम बाजारकरूच्या, भाडेकरूच्या, टोपलीवाल्या बाईच्या आणि सफाई कामगाराच्या उपयोगाचे झाले की नाही, हे पाहायला पेठेत आपणच उभे असले पाहिजे. शताब्दीचे हार-तुरे नंतर. आधी नगरपालिकेत जा, सूचना फलक वाचा आणि हरकतीचा अर्ज लिहायला घ्या!